‘ळ’ची वाट पाहताना

आम्ही दोघेही महाविद्यालयात मराठी शिकवितो. वर्णविचाराच्या तासाला फळ्यावर तोंडाची तीच आकृती आम्ही वर्षानुवर्षे काढत आलो : कंठ, तालू, मूर्धा, दंत, ओष्ठ. प्रातिशाख्यांनी ‘स्थान’ आणि ‘करण’ असा भेद केला आहे. वर्ण जिथे उमटतो ते स्थान आणि जे तिथवर जाऊन त्याला स्पर्श करते ते करण. बहुतेक व्यंजनांचे करण जीभच. हा भेद आम्हांला पाठ होता. समजला मात्र २०१९च्या पावसाळ्यात.

आमच्यातल्या एकाच्या जिभेच्या डाव्या कडेला व्रण झाला होता. एका दंतवैद्याने टोचणारा दात घासून दिला, लावायला मलम दिले. त्यात दोन महिने गेले. तीन आठवड्यांत न भरणारा तोंडातला व्रण तपासून घ्यावा, ही साधी गोष्ट पुस्तकांत आयुष्य घालविलेल्या आम्हां दोघांनाही ठाऊक नव्हती. तुकडा काढून तपासला तेव्हा निदान झाले : कर्करोग. “तंबाखू?” या प्रश्नाला आम्ही जवळजवळ अभिमानाने “कधीच नाही” असे उत्तर दिले. “आणि सुपारी?” सुपारी तर होतीच, जेवणानंतर, अडकित्त्याने कातरलेली, घरचीच. तंबाखूशिवायची नुसती सुपारीही कर्ककारक असल्याचा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ सालीच दिला होता. त्या रात्री घरी परतल्यावर अडकित्ता कोणी उचलून ठेवला, यावर आम्ही आजतागायत बोललेलो नाही.

शस्त्रक्रियेत जिभेबरोबर मानेतल्या ग्रंथीही काढायच्या, असे ठरले. गाठ हाताला लागत नसताना मान कशाला उघडायची, असे आम्ही विचारले. शल्यविशारदांनी मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातले २०१५ साली प्रसिद्ध झालेले संशोधन समजावून सांगितले : सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णांपैकी ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांतले ८० टक्के तीन वर्षांनंतर हयात होते, ज्यांच्या बाबतीत गाठ येईपर्यंत थांबले, त्यांतले ६७.५ टक्के. आम्ही सही केली. पुढे तपासणीत एका ग्रंथीत रोगाच्या पेशी सापडल्याच.

जिभेचा गेलेला भाग मनगटाजवळची त्वचा रक्तवाहिन्यांसह आणून भरला होता. नाकात नळी, गळ्याला छिद्र, हातात पाटी. छिद्र बुजल्यावर पहिला शब्द उमटला तो “अगं”. आम्ही दोघेही रडलो. आणि मग, शिक्षकच आम्ही, कारण शोधू लागलो. ‘अगं’ला जिभेचे टोक लागत नाही. ‘अहो’लाही लागत नाही. जन्मभर एकमेकांना ज्या शब्दांनी हाक मारली, ते दोन्ही शाबूत होते. ‘पाणी’तला ‘ण’ मात्र गेला होता. ‘बाबा’ म्हणता येई, ‘दादा’ म्हणता येत नसे.

त्यानंतर सहा आठवड्यांत तीस वेळा किरणोपचार झाले. चेहऱ्यावर घट्ट बसणारा जाळीचा मुखवटा, कोरडे पडलेले तोंड, आणि आमटीत कुस्करलेल्या भाकरीला मातीची चव. या यातना अनेकांनी लिहिल्या आहेत. आमची खरी अडचण निराळी होती. वाचा-उपचारतज्ज्ञ ‘टाळ’, ‘डाळ’, ‘माळ’ असे शब्द घोकायला देत, आणि घरात मात्र अर्धे वाक्य झाले की उरलेले दुसरीकडून पूर्ण होई. दूधवाल्यापाशी, फोनवर, पाहुण्यांसमोर. ती आम्हांला माया वाटत होती. एका संध्याकाळी बोलता येत असूनही पाटी पुढे आली. तिच्यावर लिहिले होते : ‘वाक्य माझे आहे.’

तो आघात निदानाइतकाच खोल होता. ‘आम्ही’ या सर्वनामाच्या आडोशाने एकाची वाचा दुसरीने घेतली होती. मग आम्ही थांबण्याचा सराव केला. ‘ळ’ येईपर्यंत समोरच्याने गप्प राहायचे; तो ‘ल’ आणि ‘य’ यांच्यामध्ये कुठेतरी अडखळला, तरीही. ऐकणाऱ्याला हा सराव बोलणाऱ्याइतकाच जड जातो.

फेब्रुवारी २०२०मध्ये पुन्हा वर्ग घेतला. हजेरीत एका विद्यार्थ्याच्या आडनावात ‘ळ’ होता. ते उच्चारायला वेळ लागला. वर्ग हसला नाही, आणि त्या मुलाने अर्ध्यावर “हजर” म्हटले नाही. आडनाव पूर्ण होईपर्यंत तो उभा राहिला.

२०२४च्या ऑगस्टमध्ये पाच वर्षे पूर्ण झाली. तपासणी आता वर्षातून एकदा असते. ‘ळ’ अजूनही पुरता परतलेला नाही. हा मजकूरही आम्ही एकमेकांना मोठ्याने वाचून दाखविला. वेळ लागला, पण मध्ये कोणी बोलले नाही.