थांबविण्याचा अधिकार

‘सुधारणा’ हा शब्द आपल्या भाषेंत मोठ्या मानाचा आहे. आगरकरांनीं १८८८ सालीं आपलें पत्र काढलें तेव्हां त्याचें नांवच मुळीं ‘सुधारक’ असें ठेविलें. आणि त्या नांवानें कोणाची छाती फुगली, तर कोणाच्या कपाळाला आंठ्या पडल्या. आज हा शब्द चव्हाट्यावरून कचेरींत आला आहे, आणि कचेरींत शिरलेल्या बहुतेक शब्दांची जी गत होते तीच त्याचीही झाली आहे. ‘निरंतर सुधारणा’ हीं अक्षरें भिंतीवर सुबक रंगविलेलीं असतात. वर्षांतून एक सप्ताह तिच्या नांवानें साजरा होतो. भाषणें होतात, चहा होतो, छायाचित्रें निघतात. आणि आठव्या दिवशीं टेबलें, यंत्रें व माणसें जेथें होतीं तेथेंच असतात. भिंतीवरचीं अक्षरें तेवढीं थोडीं अधिक पिवळीं पडलेलीं असतात.

त्या अक्षरांची थट्टा करण्याचा माझा हेतु नाहीं. किंबहुना, विसाव्या शतकांत माणसाला स्वतःच्या कामाविषयीं जे उत्तम विचार सुचले त्यांपैकीं हा एक आहे, असें माझें मत आहे. परंतु तो विचार कोठें उपजला, कशाच्या बळावर वाढला, आणि कारखान्या-कारखान्यांतून फिरतांना त्याचें वाटेंत काय सांडलें, हें पाहिल्यावांचून अक्षरें पिवळीं कां पडतात तें कळावयाचें नाहीं.

या विचाराचा उगम एका मागापाशीं आहे. जपानांत १८६७ सालीं एका सुताराच्या घरीं जन्मलेला साकिची टोयोडा हा गांवच्या बायका हातमागावर कशा राबतात तें लहानपणापासून पाहात आला होता. त्यांचे श्रम कमी करावे या ध्यासानें त्यानें हातमागांत सुधारणा केली, आणि १८९१ सालीं त्याला तिचें पेटंट मिळालें. पण तेवढ्यानें त्याचें समाधान झालें नाहीं. पुढें तीस-बत्तीस वर्षें तो एकामागून एक माग घडवीत आणि मोडीत राहिला. अखेर १९२४ सालीं, आपला मुलगा किइचिरो याच्या साहाय्यानें, त्यानें आपला प्रसिद्ध स्वयंचलित माग पुरा केला. इचलकरंजीस किंवा मालेगांवीं ज्यांनीं यंत्रमाग चालतांना पाहिले असतील त्यांना ठाऊक आहे कीं, ताण्याचा एक धागा तुटला आणि तें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं, तर साधा माग आपला खडखडत चालूच राहतो आणि हातच्या हात कापड सदोष विणून टाकतो. साकिचीचा माग धागा तुटतांच आपण होऊन थांबे. त्यामुळें एकेका मागापाशीं एकेक माणूस पहाऱ्यास ठेवण्याचें कारण उरलें नाहीं. १९२९ सालीं या मागाचे हक्क इंग्लंडांतील ओल्डहॅमच्या प्लॅट बंधूंच्या कंपनीनें घेतले. ज्या लँकेशायर परगण्यानें जगाला यंत्रमाग पुरविले, त्यानेंच हा माग जपानापासून घ्यावा, ही गोष्ट लहान नव्हे.

आपण यंत्राची थोरवी त्याच्या वेगावरून मापतों. या यंत्राची थोरवी त्याच्या थांबण्यांत होती. पुढें या तत्त्वाला नांव देतांना टोयोटाच्या लोकांनीं एक गमतीची गोष्ट केली. ‘स्वयंचलन’ या अर्थाच्या जपानी शब्दांत ‘चलन’ दाखविणारें जें चित्राक्षर आहे, त्याला त्यांनीं ‘माणूस’ या अर्थाचें चिन्ह जोडलें. उच्चार तोच राहिला. लिहिण्यांत मात्र यंत्रापाशीं माणूस येऊन उभा राहिला.

किइचिरोनें १९३७ सालीं मोटारींची कंपनी स्थापन केली. तेथें हें तत्त्व यंत्रावरून माणसावर नेण्याचें श्रेय मुख्यतः ताईची ओनो या कारखानदारी पुरुषाकडे जातें. हा गृहस्थ आधीं टोयोडांच्या गिरणींत होता. १९४३ सालीं तो मोटारींकडे आला, आणि तुटल्या धाग्याची गोष्ट त्यानें बरोबर आणली. मोटारींची जोडणी होते त्या सरकत्या रांगेवर, प्रत्येक कामगाराच्या हाताला लागेल अशी एक दोरी कालांतरानें आली. कांहीं बिघडलें, एखादा भाग बसत नाहीं, खिळा चुकीचा आला, किंवा आपलें काम वेळेंत पुरें होत नाहीं असें वाटलें, कीं त्यानें ती ओढावयाची. ओढतांच दिवा लागतो, सूर वाजतो, आणि गटाचा नायक धांवत येतो. रांग तात्काळ थांबत नाहीं. ठराविक खुणेपर्यंत ती सरकत राहते. तेवढ्यांत दोष निघाला तर दोरी पुन्हां ओढून काम पुढें चालू होतें. न निघाला तर रांग उभी राहते. एका साध्या कामगाराच्या हातच्या हिसक्यानें शेंकडों माणसांचें काम थांबावें, ही कल्पना कोणत्याही जुन्या कारखानदाराला वेडेपणाची वाटली असती. त्याच्या मतें रांग थांबविण्याचा अधिकार फार तर मॅनेजराला, आणि तोही नाइलाजानें वापरावयाचा!

दोरी ओढल्यावर जो प्रश्न विचारला जातो त्यांत सारें रहस्य आहे. आपल्याकडे कांहीं बिघडलें म्हणजे पहिला प्रश्न येतो तो ‘कोणीं?’ हा. ओनोचा प्रश्न ‘कां?’ हा होता, आणि तो एकदां नव्हे, पांच वेळां विचारावा असा त्याचा आग्रह असे. १९७८ सालच्या आपल्या पुस्तकांत त्यानें एका बंद पडलेल्या यंत्राचें उदाहरण दिलें आहे. यंत्र कां थांबलें? भार अधिक होऊन फ्यूज उडाला. भार कां वाढला? बेअरिंगला तेल पुरेसें नव्हतें. तेल कां नव्हतें? पंप तें नीट पोंचवीत नव्हता. कां? त्याचा दांडा झिजला होता. आणि तो कां झिजला? गाळणी नसल्यामुळें धातूचा कीस आंत जात होता. पहिल्या प्रश्नावर थांबणारा मनुष्य फ्यूज बदलील. ‘कोणीं?’ असें विचारणारा तेलवाल्याचा एक दिवसाचा पगार कापील. दोघांचेंही यंत्र महिन्याभरांत पुन्हां बंद पडेल. गाळणी बसवील तोच काय तो सुटेल.

येथपर्यंत सारें सोपें वाटतें. दोरी विकत मिळते आणि ‘कां’ हा शब्द तर फुकट आहे. मग अडतें कोठें? हें मला पुस्तकांत कळलें नाहीं. एका कारखान्याच्या हिशेबखात्यांत कांहीं वर्षें काढलीं तेव्हां कळलें. त्या कारखान्याचें नांव सांगण्यांत कांहीं स्वारस्य नाहीं. पळसाला पानें तीनच. तेथें भोकें पाडण्याच्या यंत्रावर एक प्रौढ कामगार होता. ओतीव भागांची गाडी त्याच्यापाशीं येई तेव्हां प्रत्येक भाग पालथा ठेवलेला असे. तो उचलावा, उलटा करावा, मग यंत्राला लावावा, असें तो दिवसाकांठीं शेंकडों वेळां करीत आला होता. एका नव्या तरुण इंजिनिअरनें त्याला याचें कारण विचारलें. तो म्हणाला, “साहेब, भाग असाच येतो.” आधींच्या खात्यांत तो सुलटा ठेवतां येईल काय? येईल कीं! मग हें सांगितलें कां नाहीं? “इचारलं कुणी?”

एका दुपारींत व्यवस्था बदलली. भाग सुलटे येऊं लागले, म्हाताऱ्याच्या पाठीचा ताण गेला, आणि त्याच्या सूचनेबद्दल त्याला एक प्रशस्तिपत्र मिळालें. तरुण इंजिनिअरला खरा आनंद झाला होता, हें मीं पाहिलें आहे. पण पुढच्याच महिन्यांत माझ्या टेबलावर दोन कागद आले. एकानें त्या यंत्रावरील रोजच्या नगांची संख्या वाढविली होती. दुसऱ्यानें शेजारच्या यंत्रावरील हंगामी पोराचें नांव पटावरून कमी केलें होतें. काम आतां एकाच यंत्रावर भागत होतें ना! हिशेबाच्या दृष्टीनें दोन्ही कागद निर्दोष होते. नंतर एकदां पगाराच्या खिडकीशीं तो कामगार मला भेटला. तो रागावलेला नव्हता. एवढेंच म्हणाला, “तवा पाठ दुखत हुती, पण शेजारचा पोरगा कामावर हुता.” त्या दिवसापासून त्या खात्यांतून एकही सूचना आली नाहीं. आळीमिळी गुपचिळी! सूचनांच्या पेटीला कुलूप होतें. तें कोणी चोरील अशी भीति मात्र कोणालाच राहिली नव्हती.

वरचे लोक याला कामगारांची उदासीनता म्हणत. मला ती उदासीनता वाटत नाहीं. तो साधा व्यवहार आहे. ज्या झाडावर आपण बसलों आहों त्याच्याच फांदीवर घाव घालण्याची युक्ति कोण सांगेल? १९५० सालीं जपानी कारखानदारांना गुणवत्तेचे धडे देणाऱ्या डेमिंग या अमेरिकन संख्याशास्त्रज्ञानें पुढें जीं चौदा सूत्रें मांडलीं, त्यांत कामाच्या जागेवरून भय नाहींसें करणें हें एक सूत्र आहे, आणि कामगारांसाठीं टांगलेलीं घोषवाक्यें काढून टाकणें हें दुसरें आहे. आपण दुसऱ्या सूत्राच्या नेमकें उलट वागतों, आणि पहिलें वाचावयाचें विसरतों.

टोयोटालाही हा धडा सुखासुखीं मिळाला नाहीं. युद्धानंतरच्या मंदींत ती कंपनी बुडण्याच्या बेतांत आली. १९५० सालीं कामगारांचा मोठा संप झाला, शेंकडों माणसांना काम सोडावें लागलें, आणि त्याबरोबर स्वतः किइचिरोनेंही अध्यक्षपद सोडलें. याच सुमारास कंपनीचे दोन अधिकारी अमेरिकेंत फोर्डचा कारखाना पाहावयास गेले. तेथील सूचनांची पद्धत त्यांनीं पाहिली आणि १९५१ सालीं ती आपल्याकडे सुरू केली. तेव्हां सूचनापेटी ही मूळ जपानी नव्हेच. जपानांत तिला जीव आला, कारण पुढील वर्षांत मालक व कामगार या दोघांनींही त्या संपाच्या जखमेतून एक बोध घेतला; १९६२ सालीं परस्परविश्वासाचा संयुक्त जाहीरनामा त्यांनीं काढला. सूचना करणाऱ्याचें पोट सूचनेमुळें जाणार नाहीं, ही हमी आधीं, युक्त्या मागाहून.

याची कसोटी परक्या भूमीवर झाली. कॅलिफोर्नियांत फ्रीमाँट येथें जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, तंटे आणि निकृष्ट माल यांविषयीं त्याची ख्याति होती. १९८२ सालीं तो बंद पडला. १९८४ सालीं टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनीं भागीदारींत तोच कारखाना पुन्हां सुरू केला; कामगारसंघ तोच, आणि कामगारही बहुतांशीं जुनेच. कित्येकांना शिकण्यासाठीं जपानांत पाठविलें. थोड्याच काळांत तेथील गाड्या अमेरिकेंतल्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊं लागल्या. जीं माणसें आळशी आणि भांडखोर म्हणून बदनाम होतीं तींच हीं! फरक दोरींत होता असें पुष्कळ पाहुण्यांना वाटलें, आणि ते दोरीचें चित्र काढून घेऊन गेले. करारांतलें एक कलम त्यांच्या दृष्टीस पडलें नसावें. कंपनीवर मोठेंच अरिष्ट आल्यावांचून कामगारांना कमी करावयाचें नाहीं, आणि तशी वेळ आलीच तर आधीं वरिष्ठांचे पगार कापावयाचे, असें त्यांत होतें. १९८८ च्या सुमारास गाड्यांचा खप घटला तेव्हां हें वचन पाळलें गेलें. रिकाम्या झालेल्या कामगारांना घरीं न धाडतां शिक्षणाला बसविलें. २०१० सालीं ती भागीदारी संपली. पण दोष दाखविणाऱ्याला अभय मिळालें तर तींच माणसें किती निराळीं होतात, हें तोंवर सिद्ध होऊन चुकलें होतें.

त्याच कारखान्यांत काम केलेल्या क्राफ्चिक नांवाच्या अभियंत्यानें १९८८ सालीं या पद्धतीला ‘लीन’ असें इंग्रजी विशेषण दिलें. त्याचा अर्थ सडपातळ. अंगावर फाजील मेद नाहीं असा. गुदामांत पडून राहिलेला माल, उगाच केलेली ये-जा, वाट पाहण्यांत गेलेला वेळ, हा तो मेद. पण पुष्कळ धन्यांना त्या मेदांत माणसेंच दिसलीं, आणि सडपातळ होणें म्हणजे माणसें कमी करणें असा सोयीचा अर्थ त्यांनीं लाविला. मराठी कानाला मात्र त्या शब्दांत दुसराच अर्थ ऐकूं येतो. आपल्याकडे लीन म्हणजे नम्र. हा केवळ ध्वनीचा योगायोग आहे, हें मी जाणतों. तरी त्या पद्धतीचें मर्म मूळ अर्थापेक्षां या योगायोगांतच अधिक सांपडतें. ओनो हा जमिनीवर खडूनें वर्तुळ काढून आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला त्यांत तासन्‌तास उभा करी आणि काय दिसतें तें पाहा, असें सांगे, अशी त्याची प्रसिद्धि आहे. वरच्याला खालचें काम ठाऊक नसतें, आणि तें शिकण्यासाठीं त्याला खालीं येऊन उभें राहिलें पाहिजे, हा त्या वर्तुळाचा अर्थ.

ही लीनता एकदां मिळविली म्हणजे कायमची राहते असेंही नाहीं. टोयोटाच्याच पूर्ण मालकीच्या दाइहात्सु या कंपनीनें गाड्यांच्या सुरक्षिततेच्या चांचण्यांत वर्षानुवर्षें लबाडी केल्याचें २०२३ सालीं उघडकीस आलें. डिसेंबरांत चौकशी-समितीनें आधींच्या गैरप्रकारांत आणखी १७४ प्रकारांची भर घातली, आणि त्यांच्या मुळाशीं कमालीचें घाईचें वेळापत्रक व वरिष्ठांपर्यंत अडचण पोंचूं न देणारें वातावरण असल्याचें दाखविलें. ज्या घराण्यानें तुटल्या धाग्याला बोलतें केलें, त्याच घराण्याच्या एका दालनांत माणसें मुकीं झालीं. पांच वेळां ‘कां’ विचारणाऱ्यांच्या वंशांत कोणीतरी एकदांही विचारलें नाहीं.

म्हणून एखाद्या संस्थेंत सुधारणा रुजली आहे कीं नाहीं, हें जाणावयाचें असल्यास मी आतां भिंती वाचीत नाहीं, पेटींतल्या चिठ्ठ्याही मोजीत नाहीं. येथील सर्वांत कमी पगाराच्या माणसानें चाललेलें काम शेवटचें केव्हां थांबविलें, आणि त्यानंतर त्याचें काय झालें, एवढीच चौकशी करतों. बहुतेक ठिकाणीं पहिल्या प्रश्नापाशींच मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.