घारापुरीची दुसरी टेकडी

लेणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे डोंगर उभा राहतो. अजिंठा, वेरूळ, पितळखोरे, नाशिकची पांडवलेणी. सोबत शाळेत ऐकलेले वाक्यही आठवते की, भिक्खू जगापासून दूर, एकांतात राहत असत. हे वाक्य अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे समजून घ्यायचे असेल तर एकदा तरी बोटीत बसून लेणी पाहायला गेले पाहिजे. त्यासाठी सर्वांत सोयीचे ठिकाण म्हणजे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून समुद्रमार्गे सुमारे ११ किलोमीटरवर असलेले घारापुरी बेट. पुष्कळ लोक त्याला एलिफंटा म्हणतात.

आम्हा नंदुरबार जिल्ह्यातील लोकांना बोट तशी नवी नाही. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील नर्मदाकाठचे बांधव सरदार सरोवराचे पाणी चढल्यापासून बोटीनेच ये-जा करीत आले आहेत. महाराष्ट्रातील ३३ गावे या धरणाने बाधित झाली आणि ती सगळी याच दोन तालुक्यांतली. रेशन, बाजार, दवाखाना, सगळ्याला मध्ये पाणी. त्यामुळे पैसे देऊन हौसेने बोटीत बसायचे, ही कल्पना आमच्याकडे जरा चमत्कारिकच वाटते. तरीही महापरिनिर्वाण दिनाला चैत्यभूमीवर गेलेली आमची मंडळी दुसऱ्या दिवशी घारापुरीला निघाली. तीन कुटुंबे, मिळून चौदा माणसे. त्यात पाच मुले आणि सत्तरी ओलांडलेल्या एक आजी.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर उतरून आम्ही पायीच निघालो. वाटेत दादाभाई नौरोजी मार्गावर आनंद भवन लागते. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाची ही वास्तू. मुलांना रस्त्याच्या कडेला उभे करून ती दाखवली. तिथून पुढे वीस-पंचवीस मिनिटांत गेटवे. १९२४ साली खुल्या झालेल्या त्या कमानीच्या मागेच लाँचचा धक्का आहे.

धक्क्यावर लाँच वरखाली होत असते, म्हणून खलाशी हात धरून एकेकाला आत घेतात. आत पाऊल टाकताच प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगात घातले की नाही, हे पाहणे घरच्या मोठ्या माणसांचे काम. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर 'नीलकमल' या प्रवासी लाँचवर इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची बोट आदळली आणि डझनाहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. पण सक्ती कागदावर असते आणि जीव आपला असतो. आमच्यातला एक तरुण "मला पोहता येते" म्हणत जॅकेट मांडीवर घेऊन बसला होता. आजींनी त्याला सुनावले, "तापीमा पोहणं येगळं, हाई येगळं. घाल मुकाट्याने!" त्याने घातले.

लाँच सुटली. ताजमहाल हॉटेल आणि गेटवे हळूहळू लहान होत गेले. एका बाजूला नौदलाची राखाडी जहाजे, पुढे तेलाच्या टाक्यांचे जवाहर द्वीप, समोर न्हावा-शेवा बंदराच्या उंच क्रेन. थंडीच्या दिवसांत सीगल पक्षी लाँचच्या मागे लागतात. लोक त्यांना कुरकुरे, चिप्स फेकतात. ते करू नये. ते पक्ष्याचे अन्न नव्हे आणि रिकामी पिशवी शेवटी समुद्रातच जाते. आजी आदल्या दिवशी दादरच्या किनाऱ्यावर काठानेच उभ्या होत्या. आता चहूकडे पाणी पाहून त्यांनी विचारले, "हाई पानी कोठे सरस रे भाऊ?" मी म्हटले, "आजी, हे सरत नाही. इथून निघाले की पार अरबस्तान, मिसरपर्यंत जाते." हे बोलता बोलताच मूळ मुद्दा माझ्या मनात स्पष्ट झाला.

तासाभराच्या त्या प्रवासात आपण किती बोटी ओलांडतो ते मोजून पाहा. मचवे, पडाव, मालवाहू जहाजे, कोळी बांधवांच्या होड्या. हे पाणी म्हणजे ओसाड जागा नव्हे, हा हमरस्ता आहे. दोन हजार वर्षांपूर्वीही तो हमरस्ताच होता. सोपारा, कल्याण, चौल ही त्या काळची नावाजलेली बंदरे याच किनाऱ्यावर, याच खाड्यांच्या तोंडाशी होती. म्हणजे घारापुरीला लेणे खोदणारी माणसे जग सोडून गेली नव्हती. ती जगाच्या वाटेवर जाऊन बसली होती.

बेटाच्या धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, चालत गेले तरी फार नाही. भरती-ओहोटीच्या चिखलात तिवरांची झाडे दिसतात. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकाने आणि माकडांचा सुळसुळाट. हातात खाऊ उघडा ठेवू नये. वर पोहोचलो की पहिले लेणे. हे शैव लेणे साधारण सहाव्या शतकातले मानतात. आत गेल्यावर आवाज आपोआप खाली येतो. रांगेने उभे खांब आणि मागच्या भिंतीत, अंधारातून पुढे आलेले ते प्रसिद्ध त्रिमुख शिल्प, दीड-दोन मजली घराएवढे. घडवणारा हात कोणत्या जातीचा, कोणत्या गावचा, हे कुठेही लिहिलेले नाही. पण छिन्नी धरणारी माणसे कष्टकरी होती, एवढे तर कोणीही सांगेल. तोरणमाळच्या कड्याला जो काळा पाषाण आहे तोच हा. या दगडात लेणे बांधत नाहीत, कोरून काढतात. एकदा चुकीचा टवका उडाला तर परत चिकटवता येत नाही. आमच्यातले एक गवंडीकाम करणारे भाऊ खांबावरून नजर फिरवत बराच वेळ उभे होते. "ओळंबा बघा," एवढेच ते म्हणाले.

१९८७ साली युनेस्कोने घारापुरीला जागतिक वारशाच्या यादीत घेतले. एलिफंटा हे नाव पोर्तुगीजांनी दिले, कारण बेटावर दगडी हत्ती होता. तो हत्ती आज भायखळ्याच्या राणीबागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे.

बहुतेक प्रवासी पहिले लेणे पाहतात, फोटो काढतात, शहाळे पितात आणि परतीची लाँच धरतात. पण या बेटाला दोन टेकड्या आहेत. पश्चिमेच्या टेकडीवर ही पाच शैव लेणी. पूर्वेच्या टेकडीला स्तूप टेकडी म्हणतात. तिकडे दोन लहान लेणी बौद्ध म्हणून गणली जातात. तिथे खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत आणि विटांच्या स्तूपाचा अवशेष मानला जाणारा एक उंचवटा आहे. हा स्तूप इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराचा असावा, असे अभ्यासक मानतात. म्हणजे पहिल्या लेण्यातील शिल्पांच्या कितीतरी आधी या बेटावर बुद्धाचे नाव घेणारी माणसे राहत होती.

ती टेकडी पाहून डोळे दिपतील, अशी अपेक्षा कोणी ठेवू नये. गवत, झुडपे, मातीचा उंचवटा. एक मुलगा म्हणाला, "काका, इथे तर काहीच नाही." मी त्याला टाक्यांकडे बोट दाखवले. चारी बाजूंनी खारे पाणी असलेल्या जागी पावसाचे गोडे पाणी साठवायला कोणीतरी खडक खोदला. स्वतःच्या तहानेपुरते पाणी ओंजळीतही मावते. एवढे टाके खोदतो तो येणाऱ्या-जाणाऱ्याचा विचार करून. वादळात अडकलेला नावाडी, ताप आलेला व्यापारी, भुकेलेला खलाशी, यांना या टेकडीवर पाणी आणि निवारा मिळत असणार. ज्या समाजाला महाडच्या तळ्यावर पाण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्या समाजाच्या मुलाला हे टाके मूर्तीपेक्षा कमी मोलाचे वाटू नये.

ही कामे कोणाच्या पैशातून झाली, हे घारापुरीच्या या टेकडीवर आज वाचायला मिळत नाही. मात्र किनाऱ्यावरच्या इतर लेण्यांत ते स्पष्ट कोरलेले आहे. बोरिवलीच्या जंगलातील कान्हेरीला शंभराहून अधिक लेणी आहेत. तेथील शिलालेखांत कल्याण, सोपारा, चौल येथील दात्यांची नावे येतात आणि त्यांत कल्याणचा एक लोहारही आहे. रायगड जिल्ह्यात राजपुरीच्या खाडीजवळ कुडा लेणी आहेत. तेथे दान देणाऱ्यांत फुलांच्या माळा करणारा माळी आहे, कराडचा लोखंडाचा व्यापारी आहे, वैद्याचे कुटुंब आहे. आणि एका लेण्यात महाभोज घराण्याच्या चाकरीतल्या लेखकाचे कुटुंब आहे. लेखक म्हणजे त्या काळचा कारकून. त्या घरातील विजया आणि मुलाबाळांची नावेही दानात आहेत. मी स्वतः कारकुनी करून पोट भरतो, त्यामुळे ही हकिकत बोटीत परत येताना मी सर्वांना दोनदा सांगितली. राजांनी लेणी खोदवली हे खरे आहे, पण लोहार, माळी आणि कारकून यांनीही खोदवली, हे तितकेच खरे आहे.

हा पाण्याचा रस्ता आपल्या चळवळीच्याही ओळखीचा आहे. २४ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब मुंबईहून 'पद्मावती' बोटीने महाडच्या परिषदेला निघाले. सोबत दोनशेहून अधिक प्रतिनिधी होते. दुसऱ्या दिवशी दासगावच्या बंदरावर उतरून ही मंडळी पायी महाडला गेली आणि त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. दासगावहून महाडला जाताना, गावाच्या अलीकडे डोंगरात गांधारपालेची बौद्ध लेणी आहेत. दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू आणि व्यापारी ज्या खाडीने आत येत, त्याच खाडीने बाबासाहेब आले. लाँचच्या कठड्याला टेकून मुलांना एवढे सांगितले तरी इतिहासाचा एक तास झाला.

आणि आपण खानदेशातले लोक या रस्त्याच्या बाहेर आहोत, असे समजू नका. आपल्या जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरची नर्मदा भडोचला समुद्राला मिळते, तापी सुरतेला. भडोच हे त्या काळचे मोठे बंदर. पैठण आणि तेर येथून गाड्यांमधून माल भडोचला जात असे, अशी नोंद एका ग्रीक व्यापाऱ्याने करून ठेवली आहे. तापी आणि गोमाईच्या संगमावरील प्रकाशे येथे १९५५ साली झालेल्या उत्खननात ताम्रपाषाण काळापासूनच्या वस्तीचे थर सापडले. म्हणजे आपण मागासलेल्या कोपऱ्यात नव्हे, जुन्या वाहत्या वाटेवर राहतो.

बेटावर माणसेही राहतात, हे विसरू नये. राजबंदर, शेतबंदर, मोराबंदर अशा तीन वस्त्या आहेत. समोर मुंबई रात्रभर झगमगत असताना या गावकऱ्यांना कायमची वीज मिळाली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकल्यावर. जागतिक वारशाचा मान १९८७ ला आणि घरात दिवा त्यानंतर ३१ वर्षांनी! आमच्या मंडळींना हे पटकन समजले. ज्यांनी नर्मदाकाठची गावे पाहिली आहेत त्यांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणून तिथे काही विकत घ्यायचे असेल तर स्थानिक बाईकडून घ्या आणि दहा रुपयांसाठी घासाघीस करू नका.

आता जाणाऱ्यांसाठी थोडे. सोमवारी लेणी बंद असतात, म्हणून वार पाहूनच बेत करावा. पावसाळ्यात हवा बिघडली की लाँच बंद ठेवतात. सकाळी ९ च्या सुमाराची लाँच धरली तर दोन्ही टेकड्या सावकाश होतात. भाड्याचे दर खिडकीवर वाचून परतीसह तिकीट घ्यावे आणि ते जपून ठेवावे. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचे प्रवेश शुल्क नाही. भाकरी-चटणी आणि पाणी घरूनच न्यावे. स्तूप टेकडीकडे जाताना वाट गावकऱ्यांना विचारून घ्यावी, गवतातून एकट्याने जाऊ नये, आणि परतीच्या लाँचची वेळ धक्क्यावर उतरतानाच विचारून ठेवावी. स्तूपाच्या उंचवट्यावर चढू नये, विटेला हात लावू नये, मेणबत्त्या-अगरबत्त्या पेटवू नयेत. दोन मिनिटे शांत उभे राहून त्रिसरण म्हटले तरी पुरे आहे.

दरवर्षी आपली लाखो माणसे ६ डिसेंबरला मुंबईत येतात. त्यांतील जमेल तेवढ्या कुटुंबांनी एक दिवस जास्त काढून ही बोट धरावी. पहिले लेणे जरूर पाहावे, ते साऱ्या जगाचे आहे. पण तिथूनच मागे फिरू नये. दुसऱ्या टेकडीवर कोणी गेलेच नाही तर ती उद्या नकाशातही उरणार नाही. तिथे पाटी लावा, वाट नीट करा, असे सरकारला सांगायचे असेल तर आधी आपली पावले तिथे उमटली पाहिजेत.