मानेतली नळी

आयसीयूत पेशंटला भेटायला गेलं की आपली नजर आधी मॉनिटरकडं जाते. मानेजवळच्या पट्टीखालच्या नळीकडं कुणाचं फारसं लक्ष जात नाही. आमच्या मामांच्या आजारपणात मात्र त्याच नळीनं सगळ्या घराची झोप उडवली.

लघवीचा संसर्ग रक्तात पसरून मामांचा रक्तदाब कोसळला होता. तो सावरणारी जहाल औषधं हाताच्या बारीक शिरांना सोसत नाहीत. शिरेबाहेर पाझरली तर आजूबाजूची कातडी आणि मांससुद्धा सडतं. म्हणून मानेतल्या मोठ्या शिरेतून हृदयाजवळ पोचणारी ही नळी, म्हणजे सेंट्रल लाइन, घालतात. सहीच्या कागदावर धोके लिहिले होते : फुफ्फुसाला सुई लागून छातीत हवा भरणं, सुई धमनीत जाणं, रक्तस्राव, गुठळी, जंतुसंसर्ग. डॉक्टर कन्नडमधून सांगत होते, मी मामीला मराठीतून. मामी म्हणाली, "अगं, हे बरं करायला घालतात की मारायला?" पण त्या घडीला दुसरा इलाज नव्हता. तिनं सही केली.

सहाव्या दिवशी मामांना हुडहुडी भरून ताप आला. नळीतलं आणि हातातलं, असं दोन्हीकडचं रक्त तपासलं. संसर्ग नळीतूनच होता. ती काढून दुसऱ्या बाजूला नवी घातली, अँटिबायोटिक बदललं. मामेभाऊ तावातावानं भांडायला निघाला.

त्याचा राग अनाठायी नव्हता. हा संसर्ग बऱ्याच अंशी टाळता येतो. डॉ. पीटर प्रोनोव्होस्ट यांनी अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात शंभराच्या आसपास आयसीयूंत पाच साध्या गोष्टींचा आग्रह धरला. हात धुणं, टोपी, मास्क, गाऊन, निर्जंतुक हातमोजे घालून पेशंटवर मोठी निर्जंतुक चादर पसरणं, क्लोरहेक्सिडीननं कातडी पुसणं, शक्यतो जांघेतली शीर टाळणं, आणि गरज संपताच नळी काढणं. दीड वर्षात असे संसर्ग सुमारे दोन तृतीयांशानं घटल्याचं २००६ साली प्रसिद्ध झालं. कुठलंही महागडं यंत्र लागलं नाही.

पहिल्या चार गोष्टी डॉक्टर-सिस्टरांच्या हातातल्या. पाचवीची आठवण मात्र आपणही करून देऊ शकतो. दुसऱ्या दिवसापासून मामी राऊंडच्या डॉक्टरांना आपल्या बाजारातल्या कन्नडमध्ये विचारू लागली, "इवत्तू बेकेन्री?" आजही लागणार का हो? दोन दिवस उत्तर आलं, "लागणार." तिसऱ्या दिवशी डॉक्टर क्षणभर थांबले, औषधांचा कागद पाहिला आणि सिस्टरना म्हणाले, "आज काढून टाका."

मामा आज घरी आहेत. मामेभावाचा राग अजून पुरता गेलेला नाही, आणि तो जावा असं मलाही वाटत नाही. पण आपलं माणूस आयसीयूत असेल तेव्हा भांडणाआधी हा एक प्रश्न रोज विचारावा, मराठीत किंवा कन्नडमध्ये, पण नम्रपणे. नळीला आपण हात लावू नये. पट्टी ओली किंवा सुटलेली दिसली, भोवती लाली आली, पेशंट कुडकुडू लागला, तर सिस्टरना लगेच सांगावं.