गाडी कुणासाठी थांबत होती?

मोठमोठी रेल्वे स्टेशनं बघायला मला आवडतात, पण माझा जीव जडतो तो छोट्या स्टेशनांवर. जपानच्या उत्तरेला होक्काइडो नावाचं बेट आहे. तिथलं क्यू-शिराताकी हे असंच एक इवलंसं स्टेशन. शिराताकी म्हणजे पांढरा धबधबा आणि क्यू म्हणजे जुनं.

एक रूळ, एक फलाट आणि बसायला लाकडी खोली. झालं स्टेशन! स्टेशनमास्तर नाही, तिकीटखिडकी नाही. अशा ठिकाणी गाडीत चढताना नंबराची चिठ्ठी घ्यायची आणि उतरताना ड्रायव्हरजवळच्या पेटीत पैसे टाकायचे. १९४७ साली हा थांबा 'तात्पुरता' म्हणून सुरू झाला. तात्पुरतं म्हणता म्हणता ४० वर्षं गेली, तेव्हा कुठे १९८७ मध्ये त्याला स्टेशनचा दर्जा मिळाला.

जानेवारी २०१६ मध्ये या भागातली एक गोष्ट जगभर पसरली. जवळच्या कामि-शिराताकी स्टेशनावर म्हणे रोज एकच मुलगी चढते आणि तिची शाळा संपेपर्यंत रेल्वेने ते चालू ठेवलंय!

गोष्ट किती गोड! पण खरं काय होतं? ती मुलगी कामि नव्हे, क्यू-शिराताकीहून एंगारूच्या शाळेला जायची. स्टेशनं बंद होणार होती, कारण प्रवासीच उरले नव्हते. जपानमध्ये रेल्वेचं नवं वेळापत्रक बहुधा मार्चमध्ये लागू होतं आणि शाळेचं वर्षही मार्चमध्येच संपतं. दोन्हींची गाठ पडली, इतकंच. २६ मार्च २०१६ ला कामि, क्यू आणि शिमो अशी तीन शिराताकी स्टेशनं एकदमच बंद झाली.

मला विचाराल, तर खरी गोष्टच जास्त आवडते. रेल्वेने एकीवर मेहरबानी केली नव्हती. ६९ वर्षं, बर्फ असो की ऊन, फलाटावर जो उभा असेल त्याच्यासाठी गाडी थांबत होती. शाळकरी मुलांचा तो हक्कच होता. पण गावातली माणसंच कमी झाली, तर हा हक्क कसा टिकवायचा? घरी आईबाबांना हा प्रश्न जरूर विचारा. कामि-शिराताकी बंद झालं आणि त्या मार्गावर कामिकावा ते शिराताकी या ३७.३ किलोमीटरमध्ये एकही स्टेशन उरलं नाही.