४७ टक्के आणि ५०० तास

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की उत्तर नागपुरातल्या विहारांतून गुणवंत विद्यार्थ्यांचे सत्कार होतात. पुष्पगुच्छ, प्रमाणपत्र, एखादे पुस्तक आणि पाहुण्यांची लांबलचक भाषणे. प्रथा चांगली आहे. पण ज्या घरात ४७ टक्के येतात, त्या घरात त्या संध्याकाळी काय बोलणे होते, ते कुणी लिहीत नाही. आमच्या धाकट्या मुलीला ४७ टक्के होते, म्हणून आम्ही लिहीत आहोत.

बाबासाहेब १९०७ साली मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. म्हणजे ३७ टक्क्यांच्या थोडे वर. तरी सभा भरली, सी. के. बोले अध्यक्ष होते आणि केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. ही गोष्ट आम्ही त्या रात्री घरात सांगितली. (हा दाखला अभ्यास न करणाऱ्या पोरांना देऊ नये, हेही खरे. २८२ नंतर त्यांनी काय वाचले ते आधी सांगावे.)

मुलीला औषधांचेच शिकायचे होते. बी.फार्मला सीईटी लागते आणि सीईटीत तिचा आकडा असा होता की सरकारी काय, खाजगी जागाही मिळेना. डी.फार्म मात्र बारावीच्या गुणांवर मिळते. दोन वर्षांची पदविका. जातपडताळणी, उत्पन्नाचा दाखला, महाडीबीटीवरचा अर्ज या सगळ्यात एक महिना गेला; पण भारत सरकारची शिष्यवृत्ती नसती तर शिवणकाम आणि कंत्राटी मजुरीवर ती फी निघाली नसती. शेजारी म्हणायचे, "मेडिकलवर गोळ्याच विकायच्या न बाप्पा, त्याले शिकाचं कायले?" त्यांना आम्ही सांगायचो की १९४८ च्या फार्मसी कायद्याचे ४२ वे कलम आहे. नोंदणी झालेल्या फार्मासिस्टशिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीवरचे औषध तयार करून द्यायला मनाई आहे. गोळी विकणे वेगळे आणि औषध देणे वेगळे.

पहिल्या वर्षी केमिस्ट्री राहिली. पुरवणीत निघाली. दुसऱ्या वर्षी बरे गुण पडले, पण दोन्ही वर्षांची सरासरी काही वर आली नाही.

खरी अडचण पुढे होती. परीक्षा झाली म्हणून कुणी फार्मासिस्ट होत नाही. त्यानंतर निदान तीन महिने मिळून ५०० तास प्रत्यक्ष कामाचे शिक्षण घ्यावे लागते, आणि त्यातले किमान २५० तास प्रत्यक्ष चिठ्ठ्यांवर औषध देण्यात गेले पाहिजेत. हे शिक्षण इस्पितळात घेता येते, परवाना असलेल्या दुकानातही घेता येते. एका दुकानदाराने तर सोपा मार्ग सांगितला. पोरीने यायची गरज नाही, थोडे पैसे द्या, ५०० तासांची सही मिळून जाईल. त्याच्याच ओळखीचा दुसरा पुढे बोलला, नोंदणी झाली की प्रमाणपत्र आमच्या भिंतीवर लावा, घरबसल्या दर महिन्याला भाडे घ्या. गरिबाच्या घरात असा पैसा कानाला गोड लागतो. आम्ही रात्रभर त्यावर बोललो. मुलगी एवढेच म्हणाली, "माझं नाव भिंतीवर आणि चुकीची गोळी दुसऱ्यानं दिली, तर मी कोणाले तोंड दाखवू?" विषय तिथेच संपला.

मग एका मोठ्या इस्पितळात अर्ज केला. जागा मोजक्या, यादी गुणांप्रमाणे. यादीत तिचे नाव नव्हते. आमच्या वस्तीतला एक मुलगा अमेरिकेत फार्मासिस्ट आहे, त्याने फोनवर सांगितले की तिकडे पदवीनंतर इस्पितळात एक वर्षाची रेसिडेन्सी असते. गुण पाहतात, पण शिफारसपत्रे आणि मुलाखतही पाहतात. कमी गुणांच्या मुलाने आपण काय काम केले ते समोर ठेवावे. मुलीने ते मनावर घेतले आणि यादी लागल्यावरही तिथल्या फार्मसीप्रमुख मॅडमना भेटायला गेली. हातात एक वही होती.

ती वही तिच्या आत्याच्या मुलाची. तो सिकलसेलचा रुग्ण, एस-एस पॅटर्नचा. आपल्या समाजात आणि विदर्भातल्या आदिवासी बांधवांत हा आजार किती आहे हे वाचकांना सांगायला नको. लग्न जुळवताना रक्त तपासा असे आता सगळीकडे सांगतात, आणि २०२३ पासून केंद्राची सिकलसेल निर्मूलन मोहीमही सुरू आहे. या मुलाला डॉक्टरांनी हायड्रॉक्सियुरिया दिली होती. एका दुकानात कुणीतरी म्हणाले, "ही तर कॅन्सरची गोळी आहे." आत्याने घाबरून ती बंद केली. ते बोलणे अर्धे खरे होते, म्हणूनच घातक. ती गोळी आधी कॅन्सरसाठीच होती, पण १९९८ मध्ये अमेरिकेत सिकलसेलसाठीही तिला मान्यता मिळाली. रक्तात गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवून ती दुखण्याचे झटके कमी करते. ती वेदनाशामक नाही, परिणाम दिसायला महिने लागतात, आणि ती चालू असताना ठराविक काळाने रक्तपेशी मोजाव्या लागतात. मुलीने वहीत तारखा लिहिल्या होत्या. गोळी कधी बंद झाली, पुढे हाडे कधी दुखली, किती दिवस भरती राहावे लागले, डॉक्टरांना विचारून ती पुन्हा केव्हा सुरू झाली.

मॅडमनी गुणपत्रिका बाजूला ठेवून वही वाचली. विचारले, "आत्याला तू काय सांगितलंस?" मुलीने जे घरी सांगितले होते तेच सांगितले. मॅडमनी आणखी विचारले, अक्षर लागलं नाही तर काय करशील? "डॉक्टरांना फोन करीन. अंदाजानं देणार नाही." तेव्हा त्या म्हणाल्या, "दोन आठवडे ये. मग पाहू."

ते दोन आठवडे ५०० तासांपर्यंत गेले. पहाटे डबा, मग बस. सुरुवातीला फक्त खोकी मोजणे. लवकर मुदत संपणारा माल पुढे ठेवायचा, सारख्या नावांच्या गोळ्या एकमेकींपासून लांब ठेवायच्या. इन्सुलिनच्या फ्रीजचे तापमान २ ते ८ अंशांत आहे का ते रोज लिहायचे. नंतर खिडकीवर बसवले. एका आजोबांकडे दोन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्या होत्या. गोळ्यांची नावे वेगळी, आत मात्र दोन्हींत पॅरासिटामॉल. तिने औषध थांबवून डॉक्टरांना फोन लावला. त्या दिवशी घरी आली तेव्हा जेवायच्या आधी हेच बोलत होती.

आता नोंदणी झाली आहे. डी.फार्म झालेल्यांना बी.फार्मच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो, त्याचा अर्ज भरला आहे. त्यापुढे तीन वर्षांचा फार्म.डी. आहे, २००८ च्या नियमांनी सुरू झालेला. त्याच्या शेवटच्या वर्षी इस्पितळात रेसिडेन्सी असते, सहा महिने जनरल मेडिसिन आणि दोन-दोन महिने आणखी तीन विभागांत. ती तिथवर जाईल की नाही, ते पैशावरही अवलंबून आहे. सध्या ती एका दुकानात पगारावर आहे, आणि गुरुवारी आत्याच्या मुलाला रक्त तपासायला घेऊन जायचे म्हणून तिने सकाळची सुटी मागून ठेवली आहे.