जांबोटीच्या रस्त्यावर, मागच्या चाकाला कान लावून

बेळगावाहून गोव्याला जाणारा चोर्ल्याचा रस्ता आता सगळ्यांच्याच पायाखालचा झाला आहे. उद्यमबाग, पिरनवाडी, किणये, जांबोटी, मग मलप्रभेचे उगमस्थान असलेले कणकुंबी; तिथून घाट उतरला की साखळी. या वाटेवरच्या धुक्याविषयी आणि धबधब्यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. मी मात्र तिचा एक तुकडा नुसता कानांनी पाहिला.

वडिलांची प्रीमियर पद्मिनी आम्ही अजून ठेवली आहे. साखळीला मावशी अंथरुणाला खिळलेली, आईला तिला भेटायची ओढ, आणि बसचे हादरे आईला सोसत नाहीत. पण गाडी मागे उजवीकडे खाली बसली होती आणि चाळीसच्या पुढे वेग गेला की मागून घूंऽऽ असा आवाज यायचा. पाटे बसले म्हणून आवाज येतो, असे घरातल्या सगळ्यांचे निदान.

मिस्त्रींना ते पटले नाही. त्यांनी दोन्ही टायरांत हवा सारखी केली, गाडी सपाट फरशीवर घेतली आणि चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या काठापर्यंत टेप लावली. उजवीकडे दोन बोटे कमी. खाली बॅटरी मारली तर तिसरा पाटा मधल्या बोल्टाजवळ मोडलेला.

"पाटा मोडला तर गाडी बसते, सर. गुणगुणत नाही. आवाजाचं दुखणं वेगळं आहे. चला की, रस्त्यावर ऐकूया."

मुख्य पाटा शाबूत होता, म्हणून आम्ही दोघेच बेताने निघालो. किणयेच्या पुढे गुळगुळीत डांबर संपून खडबडीत पट्टा लागला. आवाज तसाच. टायरचा असता तर रस्त्याबरोबर बदलला असता. मग त्यांनी गाडी न्यूट्रलमध्ये सोडायला लावली. तरीही सूर तोच. डिफरन्शियल कुरकुरत असेल तर ॲक्सिलरेटर दाबता-सोडता आवाज चढतो-उतरतो, असे ते म्हणाले. जांबोटीच्या पुढे झाडीतली वळणे सुरू झाली आणि खरे उत्तर तिथे मिळाले. डाव्या वळणावर घूंऽऽ वाढे, उजव्या वळणावर जवळजवळ विरून जाई. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो. म्हणजे उजवे बेअरिंग. (वर्गात इतक्या सुटसुटीतपणे कारण आणि परिणाम मला कधी समजावता आलेले नाहीत.)

जांबोटीत चहाच्या टपरीशेजारी जॅक लावला. मिस्त्रींनी एका हाताने चाक फिरवले आणि माझा हात पाट्यावर ठेवायला लावला. वाळू दळल्यासारखी खरखर तळहाताला जाणवली. या धाटणीच्या गाडीत मागचे चाक ॲक्सलवरच असते आणि ॲक्सलला बेअरिंगने आणि त्यामागच्या घट्ट कडीने धरलेले असते. ती पकड सुटली तर चाक ॲक्सलसकट बाहेर येऊ शकते. घाटात, मागे आई बसलेली असताना! आम्ही तिथूनच परत फिरलो.

बेअरिंगची कडी प्रेसवर काढावी आणि बसवावी लागते; उद्यमबागेत त्याला तोटा नाही. ट्रकचे पाटे करणाऱ्याकडे दोन्ही बाजूंचे पाटे करून घेतले, कारण एकच केला तर गाडी दुसरीकडे कलते.

पुढच्या रविवारी आई साखळीला पोचली. दोघी बहिणी दुपारभर बोलत होत्या. परतीच्या चढावर मागून एक बारीक टिकटिक येऊ लागली आहे. मिस्त्रींच्या मते शॅकलचे बुश असावेत.