चोपन्न ओळी

चांदूर रेल्वेत माझं कृषी केंद्र आहे. मृग लागला की बियाणं, खतं आणि उधारीच्या वह्यांतून मान वर काढता येत नाही. तूर-हरभरा निघून गेला की मात्र दुपारी दुकानात कुणी फिरकत नाही. तेव्हा मी गणित वाचतो. परीक्षा द्यायची नाही, शिकवण्या घ्यायच्या नाहीत. "काऊन जी भाऊ, हिशोब जुळून नाही रायला का?" असं गिऱ्हाईक विचारतं.

सुरुवात मंगला नारळीकरांच्या 'गणितगप्पा'पासून झाली. पुढे अच्युत गोडबोले आणि माधवी ठाकूरदेसाई यांचं 'गणिती' वाचलं. गणितज्ञांची आयुष्यं कळली, पण गणित हातात आलं ते ६१७४ या संख्येमुळे. कोणतीही चार अंकी संख्या घ्यायची, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने मांडायचे आणि त्यातून चढत्या क्रमाने मांडलेली संख्या वजा करायची. येईल त्या उत्तरावर (तीन अंकी आलं तर आधी शून्य लावून) पुन्हा तेच. फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ येते आणि पुढे हलत नाही, कारण ७६४१ वजा १४६७ म्हणजे पुन्हा ६१७४. दुकानासमोर थांबणाऱ्या एमएच २७ च्या गाड्यांचे नंबर घेऊन मी बिलबुकाच्या कोऱ्या बाजूवर हा खेळ करत असे. प्रत्येक नंबर तिथेच जायचा. पण का? ते कळत नव्हतं, आणि ते न कळणं हळूहळू सलायला लागलं.

वाट सापडली ती तीन अंकांत. सर्वांत मोठा अंक अ, मधला ब, लहान क. वजाबाकीत ब उडून जातो आणि उरतं ९९ गुणिले (अ − क). हा फरक १ ते ९ यांपैकीच काहीतरी असणार. म्हणजे पहिल्या वजाबाकीनंतर नऊच संख्या शक्य आहेत: ०९९, १९८, २९७ असं करत ८९१ पर्यंत. ०९९ पासून ८९१ मिळते, तिच्यापासून ७९२, मग ६९३, ५९४ आणि शेवटी ४९५. ती तिथेच थांबते. उरलेल्याही याच साखळीत येऊन मिळतात. शेकडो संख्यांचा निकाल नऊ ओळींत लागला. हे दिसलं तेव्हा मला खुर्चीवर बसवेना.

चार अंक उतरत्या क्रमाने अ, ब, क, ड धरले तर वजाबाकी होते ९९९ गुणिले (अ − ड) अधिक ९० गुणिले (ब − क). या दोन फरकांच्या शक्य जोड्या चोपन्न. हजारो संख्या तपासायच्या नाहीत, चोपन्न ओळी लिहायच्या. मी त्या लिहिल्या, आणि प्रत्येक ६१७४ वरच पोचली. फवारणीच्या औषधाबद्दल मला कंपनीचं पत्रक मानावं लागतं, पावसाबद्दल हवामान खात्याचा अंदाज. या चोपन्न ओळी खऱ्या आहेत हे मात्र पुण्या-मुंबईच्या कुणी सांगावं लागत नाही. तालुक्याच्या गावात बसून शिकणाऱ्या माणसाला याचं किती बळ वाटतं, ते मला ठाऊक आहे.

६१७४ ही संख्या शोधणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले आणि १९३० ते १९६२ देवळालीला शाळामास्तर होते. गणिताची पदव्युत्तर पदवी नव्हती. १, १२१, १२३२१ अशा संख्यांना त्यांनी डेम्लो संख्या म्हटलं, कारण ती कल्पना त्यांना सुचली ते जीआयपी रेल्वेवरचं डेम्लो स्टेशन. आमचं चांदूरही त्याच जुन्या जीआयपीच्या लाइनीवरचं. अमेरिकेत मार्टिन गार्डनर यांनी १९७५ मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि मग जगभर नाव झालं. तोवर मास्तरांनी नोकरी सांभाळून आपलं काम केलेलं होतं. मला त्यांची ही चिकाटी ६१७४ पेक्षाही मोठी वाटते.

गावात मी एकटाच नाही. एक निवृत्त गुरुजी ना. ह. फडके यांचं 'लीलावती पुनर्दर्शन' घेऊन बसलेले असतात. भास्कराचार्यांचा ११५० सालचा ग्रंथ, आणि गुरुजी बरेच दिवस त्यातल्या कुट्टकावर थांबलेत. "हे झाल्याशिवाय समोर नाही जात मी," म्हणतात. समीकरण एक आणि अज्ञात दोन, उत्तरं मात्र पूर्णांकांतच हवीत. घाईने ते होणारही नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांतल्या युक्त्या पोरांना उपयोगी पडतात, पण सेकंद मोजायची सवय लागली की एका ओळीवर आठवडा काढणं जमत नाही, असं मला वाटतं.

ओळखीतली एक मुलगी बी.एस्सी.साठी रेल्वेने बडनेऱ्याकडे अपडाऊन करते. आयआयटीवाल्यांची एनपीटीईएलवरची रेषीय बीजगणिताची व्याख्यानं ती मोबाइलवर ऐकते आणि अडलं की व्याख्यान थांबवून वहीत लिहून बघते. तिनेच विचारलं, "काका, पाच अंकांचं काय?" मांडून पाहिलं: ९९९९ गुणिले (अ − इ) अधिक ९९० गुणिले (ब − ड). मधला क पुन्हा उडाला, आणि जोड्या पुन्हा चोपन्नच! पण ५३९५५ घेतली तर ५९९९४ येते, तिच्यापासून परत ५३९५५. एका संख्येवर थांबणंच नाही, दोघींत ये-जा. अशा आणखी किती फेऱ्या असतील? उत्तर मोबाइलवर शोधलं तर लगेच मिळेल, हे आम्हा तिघांना माहीत आहे. गुरुजींचं म्हणणं पडलं की बघून टाका, वेळ वाचेल. मी आणि तिने ऐकलं नाही. चोपन्नपैकी पहिल्या अठरा जोड्या तिने घेतल्या आहेत, पुढच्या अठरा मी. उरलेल्या, कुरकुर करत का होईना, गुरुजींनी घेतल्या.